खुर्ची सोडताना

नोकरीचा शेवटचा दिवस शुक्रवारी संपला आणि आज सोमवार आहे. गजर लावलेला नव्हता, तरी डोळे नेहमीच्याच वेळी उघडले आहेत. निरोपाची भाषणे झाली, "आता निवांत आराम करा" असे सगळ्यांनी बजावून सांगितले. परंतु पलंगाच्या कडेवर बसलेल्या या माणसाला तो आराम नेमका कुठून सुरू करायचा हेच उमगत नाही. जन्मभर वेळ पुरत नाही अशी तक्रार केलेल्या माणसाला सकाळचे अकरा वाजेपर्यंतचा वेळ डोंगराएवढा वाटू लागतो.

आपल्या भाषेत या प्रसंगासाठी दोन शब्द आहेत. सेवानिवृत्ती आदेशाने येते. तिला तारीख असते, कागदावर सही असते. निवृत्ती म्हणजे मनाचे मागे फिरणे, आणि त्याची तारीख कोणतेही कार्यालय ठरवू शकत नाही. पहिली झाली की दुसरी आपोआप होईल असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

कामाला वयाची सीमा घालण्याची सर्वदूर पसरलेली पद्धत तशी अलीकडची आहे. जर्मनीत १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हा पेन्शनचे वय ७० ठेवले होते. १९१६ मध्ये ते ६५ वर आले. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातही ६५ हाच आकडा आला. गंमत अशी की, जर्मन कायद्यामागचे चान्सलर बिस्मार्क त्या वेळी स्वतः ७४ वर्षांचे होते आणि पद सोडण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. पुढच्याच वर्षी तरुण सम्राटाशी बिनसल्यामुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरची आठ वर्षे त्यांनी आठवणी लिहिण्यात आणि नव्या सरकारवर वर्तमानपत्रांतून टीका करण्यात घालवली. खुर्ची गेली होती, पण मनाने ते तिच्यातून उठले नव्हते.

वयाची ही रेषा सर्वांसाठी सारखी असली, तरी सर्वांची शरीरे तिच्यापाशी सारखी पोहोचत नाहीत. तीस वर्षे ओझी उचललेल्या कामगाराचे गुडघे आणि तीस वर्षे टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्याचे गुडघे एकाच वयाचे नसतात. फ्रान्समध्ये २०२३ साली निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा झाला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले, ते केवळ आळसापोटी नव्हे. उलट, ज्याच्या गाठीला काहीच नाही त्याला थांबण्याचा प्रश्नच पडत नाही. "या वयातही किती उत्साहाने काम करतात" हे कौतुक त्याच्या वाट्याला येते तेव्हा ते ऐकवत नाही. समाधानाने थांबायचे की काम करत राहायचे, ही निवड करता येणे हीच मुळात एक सुबत्ता आहे.

ज्यांना ती निवड करता येते, त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे: आपल्याला काम सोडवत नाही, की कामाबरोबर आलेली खुर्ची? दोन्ही एकत्र इतकी वर्षे नांदलेली असतात की फरक कळत नाही. जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांना तो सापडला होता असे वाटते. लिथियम बॅटरीला उपयोगी पडलेले त्यांचे महत्त्वाचे संशोधन १९८० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये झाले. तिथल्या वयोमर्यादेची वेळ जवळ येताच, १९८६ मध्ये, ते टेक्सासच्या विद्यापीठात गेले आणि तिथे नव्याने संशोधनाला लागले. २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाही त्यांचे काम चालूच होते. त्यांनी मानाची जागा सोडली, ती प्रयोगशाळा सुटू नये म्हणून.

दुसऱ्या टोकाला रोमन सम्राट डायोक्लेशियन उभा आहे. इसवी सन ३०५ मध्ये त्याने आपण होऊन राज्य सोडले आणि आजच्या क्रोएशियातील स्प्लिट येथे समुद्रकाठच्या वाड्यात जाऊन राहिला. काही वर्षांनी त्याला परत बोलावण्यात आले, तेव्हा मी स्वतःच्या हातांनी लावलेला भाजीपाला तुम्ही पाहाल तर असे विचारणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे जुन्या इतिहासात नोंदले आहे.

निवृत्तीच्या सुखाचा दाखला म्हणून ही गोष्ट नेहमी इथेच थांबवली जाते. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याने बसवलेली राज्याची घडी त्याच्या डोळ्यांदेखत विस्कटली. नव्या सत्ताधाऱ्याने त्याच्या मुलीला हद्दपार केले, आणि तिला आपल्याकडे पाठवावे म्हणून त्याने पुन्हा पुन्हा दूत पाठवले. एकेकाळी ज्याच्या शब्दावर सैन्ये हलत होती, त्याला प्रत्येक वेळी नकार मिळाला. आणि दूत परतल्यावर पाहण्यासारखे जे उरत होते, ते म्हणजे वाड्यामागची तीच बाग.