वस्तूविना चित्र : अमूर्त चित्रकलेचा आरंभकाळ

डिसेंबर १९११ मध्ये म्युनिकच्या पायपर या प्रकाशनसंस्थेने कलेतील आध्यात्मिकतेविषयी एक छोटेखानी पुस्तक बाजारात आणले. त्याचा लेखक वासिली कांडिन्स्की हा मॉस्कोत कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला रशियन चित्रकार होता. चित्रातून दृश्य वस्तू हद्दपार करता येईल, असे या पुस्तकात तो सुचवतो खरा. पण त्याच पुस्तकात एक धास्तीही बोलून दाखवतो. निसर्गाशी असलेले नाते आजच पुरते तोडून आपण निव्वळ रंग आणि आकार यांच्या जुळणीवर विसंबलो, तर हाती येईल ते नेकटायवरच्या किंवा गालिच्यावरच्या नक्षीसारखे काहीतरी असेल, असे त्याला वाटत होते. अमूर्त चित्रकलेची सुरुवात सांगताना बहुधा तिच्या धाडसाचे गोडवे गायले जातात. आम्हाला मात्र ही धास्ती अधिक महत्त्वाची वाटते, कारण वस्तू काढून टाकणे त्या मानाने सोपे होते. तिच्या रिकाम्या जागी तितक्याच वजनाचे काय आणायचे, हा खरा पेच होता.

कांडिन्स्कीच्या मनात या पेचाचे बीज म्युनिकला येण्यापूर्वीच पडले होते. मॉस्कोत भरलेल्या फ्रेंच चित्रांच्या प्रदर्शनात क्लोद मोने याचे गवताच्या गंजीचे चित्र त्याने पाहिले आणि ते कशाचे आहे हेच त्याला प्रथम कळले नाही. कॅटलॉग पाहिल्यावर उलगडा झाला. विषय ओळखू येत नसताना चित्र मनाचा इतका ठाव कसे घेते, या प्रश्नाने त्याला अस्वस्थ केले, असे त्याने पुढे १९१३ मध्ये लिहिलेल्या आठवणींत नोंदवले आहे. १८९६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील विद्यापीठात चालून आलेली अध्यापकाची जागा नाकारून तो चित्रकला शिकण्यासाठी म्युनिकला गेला. अणू फुटतो हे कळले तेव्हा आपल्याला सारे जगच कोसळल्यासारखे वाटले, असेही याच आठवणींत आहे. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला होता. जे डोळ्यांना दिसते तेवढेच खरे, हा भरवसा प्रयोगशाळांतूनच डळमळू लागला होता, आणि दृश्य जगाची नक्कल करणे हेच चित्रकाराचे काम मानण्याचा आधारही त्यासोबत सुटत चालला होता.

त्या काळात अदृश्याची भाषा बोलणारी आणखी एक चळवळ युरोपातल्या कलावंतांमध्ये पसरली होती. मराठी प्रेक्षकांना तिचा एक धागा ओळखीचा वाटेल. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढ अध्यात्मविद्येच्या संस्थेचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ या मासिकाचा पहिला अंक त्यांनी मुंबईतूनच काढला. १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे मुख्य ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला हलले. याच सोसायटीच्या अ‍ॅनी बेझंट आणि चार्ल्स लेडबीटर यांनी ‘थॉट-फॉर्म्स’ नावाचे सचित्र पुस्तक लिहिले. प्रत्येक विचाराला आणि विकाराला रंग व आकार असतो आणि तो सूक्ष्मदृष्टीच्या माणसाला दिसतो, असा त्यांचा दावा होता. रंगांच्या अर्थांचा एक तक्ताच पुस्तकात दिला आहे. मेंडेल्सन, गुनो आणि वाग्नर यांचे संगीत चर्चमध्ये वाजत असताना त्या इमारतीच्या छपरावर उसळलेले रंगीत आकार दाखवणारी तीन चित्रेही आहेत. या दाव्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण या पुस्तकाचा जर्मन अनुवाद कांडिन्स्कीच्या परिचयाचा होता. रंग आणि आकार यांना स्वतःचा अर्थ असतो, तो त्यांना वस्तूकडून उसना घ्यावा लागत नाही, ही कल्पना त्याला इथे तयार सापडली.

तिला बळ दिले संगीताने. जानेवारी १९११ च्या आरंभी म्युनिकमध्ये त्याने आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराच्या रचना ऐकल्या. त्या रचनांनी प्रस्थापित स्वरचौकट सोडून दिली होती. काही दिवसांतच कांडिन्स्कीने ‘इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)’ हे चित्र रंगवले. त्यात वरच्या बाजूला काळा, तिरपा, जड आकार दिसतो, तो पियानो. त्याच्याखाली वाकलेल्या काही रेषा आहेत, ते श्रोते. उरलेला जवळजवळ सगळा उजवा भाग पिवळ्या रंगाने व्यापलेला आहे आणि त्या पिवळ्याला सभागृहातल्या कोणत्याही वस्तूचा आधार नाही. पियानो आणि श्रोते अजून अर्धवट ओळखू येतात, पण चित्र कशाबद्दल आहे याचा निर्णय तो पिवळा रंग करतो.

यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९१३ मध्ये, ‘कॉम्पोझिशन ७’ आले. दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असा हा कॅनव्हास आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. प्रथमदर्शनी तो रंगांचा बेबंद स्फोट भासतो. प्रत्यक्षात त्यासाठी तीसहून अधिक कच्ची रेखाटने आणि अभ्यासचित्रे तयार झाली होती. त्यानंतरचे रंगकाम सुमारे चार दिवसांत उरकले. त्याची सहचारिणी आणि स्वतः कसलेली चित्रकार असलेल्या गाब्रिएल म्युंटर हिने त्या दिवसांत छायाचित्रे घेऊन ठेवल्यामुळे चित्र कोठून सुरू झाले आणि कसे पसरत गेले हे आपल्याला टप्प्याटप्प्याने पाहता येते. अभ्यासचित्रांच्या मागावर गेलेल्या संशोधकांना त्यात महापूर, अंतिम न्यायाचा दिवस आणि पुनरुत्थान या बायबलमधल्या विषयांच्या खुणा आढळल्या. म्हणजे वस्तू पुसण्यापूर्वी त्याने ती शंभरदा घासूनपुसून आपल्याशी मुरवली होती. नेकटायच्या नक्षीची धास्ती घेतलेल्या माणसाचे हे उत्तर होते.

इतरांची उत्तरे वेगळी होती. पॅरिसमध्ये रोबेर दलोने याने रंगांच्या परस्परविरोधातून प्रकाश आणि गती साधण्याचा प्रयत्न केला. मूळचा बोहेमियातला फ्रांतिशेक कुप्का याने १९१२ च्या शरद प्रदर्शनात ‘अमोर्फा : दोन रंगांतील फ्यूग’ हे लाल-निळ्या वळणांचे चित्र टांगले (फ्यूग हा पाश्चात्य संगीतातला एक रचनाप्रकार), पूर्णतः अमूर्त चित्र लोकांसमोर मांडले गेल्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी हा एक मानला जातो.

पीट मोंद्रियान याचा मार्ग मात्र संथ होता. १९०९ मध्ये तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. त्याच सुमाराचे त्याचे ‘लाल झाड’ अजून अंगोपांगांसह झाडच आहे, १९११ च्या ‘राखाडी झाडा’त फांद्यांच्या कमानी आणि त्यांमधली पोकळी एकाच पातळीवर येतात, १९१२ च्या ‘बहरलेल्या सफरचंदाच्या झाडा’त केवळ वक्र रेषांची लय उरते. ही तीन चित्रे शेजारी ठेवली, की कुठल्या क्षणी झाड संपले हे बोट ठेवून सांगता येत नाही. पुढे वक्र रेषाही गेल्या. आडव्या आणि उभ्या रेषांच्या काटकोनात त्याला विश्वातल्या परस्परविरोधी तत्त्वांचा तोल दिसत होता, आणि तिरपी रेषा चालेल की नाही यावरून सहकारी तेओ फान दूसबुर्ख याच्याशी त्याचे बिनसले. या रेषांचे नशीब पाहा : १९६५ मध्ये फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ याने त्या जशाच्या तशा झग्यांवर उतरवल्या.

काझिमिर मालेविच याला असा तोल नको होता, त्याला शून्य हवे होते. डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्राद (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथे भरलेल्या ‘०.१०’ नावाच्या प्रदर्शनात त्याने एकोणचाळीस कृती मांडल्या आणि त्यांतला ‘काळा चौरस’ खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, छताला लागून टांगला. रशियन घरांत हा कोपरा देवप्रतिमांचा असतो, त्यामुळे त्या जागेचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. समीक्षक अलेक्सांद्र बेनुआ याने त्यावरून त्याला चांगलेच झोडपले. छापील प्रतिकृतीत हे चित्र यंत्राने केल्यासारखे गुळगुळीत वाटते. जवळून पाहिले, तर चौरसाच्या बाजू काटेकोर नाहीत, पांढऱ्या पट्ट्यावर कुंचल्याचे फटकारे दिसतात आणि काळ्या रंगाला पडलेल्या बारीक भेगांतून खालचे रंग डोकावतात. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या क्ष-किरण तपासणीत या काळ्याखाली एकाखाली एक अशी दोन रंगीत चित्रे असल्याचे दिसून आले. निर्विकार शून्य म्हणून मिरवलेल्या चित्राच्या पोटात दोन भरलेली चित्रे निघाली.

हे चित्र प्रत्यक्षात १९१५ चे, पण मालेविचने त्याला १९१३ हे साल दिले होते. कांडिन्स्कीच्या ‘पहिल्या अमूर्त जलरंगचित्रा’वर १९१० असे लिहिलेले आहे, पण अनेक अभ्यासक ते १९१३ चे मानतात, १९३५ मध्ये एका कलाविक्रेत्याला लिहिलेल्या पत्रातही जगातले पहिले अमूर्त चित्र आपले, असा दावा त्याने केला. पहिलेपणाची ही हाव समजण्यासारखी असली, तरी तिने इतिहासाची नजर बरीच वर्षे एकाच दिशेला वळवून ठेवली.

कारण स्टॉकहोममध्ये हिल्मा आफ क्लिंट हिने १९०६ मध्येच ‘मंदिरासाठीची चित्रे’ ही मालिका आरंभली होती. रॉयल अकादमीत रीतसर शिकलेली ही चित्रकार चार मैत्रिणींसह अतींद्रिय शक्तींशी संवाद साधण्याच्या बैठका घेत असे आणि ही कामगिरी आपल्याला त्या शक्तींनीच सोपवली, अशी तिची धारणा होती. १९१५ पर्यंत १९३ चित्रे झाली. त्यांतल्या ‘दहा सर्वांत मोठ्या’ चित्रांची उंची तीन मीटरहून अधिक आहे. बाल्यापासून वार्धक्यापर्यंतच्या अवस्था सांगणारी ही कागदावरची टेम्पेरा (अंड्याच्या बलकासारख्या माध्यमात कालवलेल्या रंगांची) चित्रे तिने १९०७ च्या शेवटच्या महिन्यांत झपाट्याने पूर्ण केली. मृत्यूनंतर वीस वर्षे ही चित्रे दाखवू नयेत, अशी तिची इच्छा होती. १९४४ मध्ये ती गेली. १९८६ च्या लॉस एंजेलिसमधील प्रदर्शनापर्यंत बाहेरच्या जगाला तिचे काम ठाऊक नव्हते, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अमूर्ताच्या जन्मावर भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनातही ती नव्हती.

तिला वगळणाऱ्यांचा एक युक्तिवाद असा, की तिच्या चित्रांत निळा म्हणजे स्त्रीतत्त्व, पिवळा म्हणजे पुरुषतत्त्व असे अर्थ ठरलेले आहेत. मग ती अमूर्त चित्रे कशी, ती तर आध्यात्मिक आकृत्या. हा आक्षेप हलका नाही. मात्र तो लावायचाच, तर रंगांचे अर्थ पुस्तकात मांडणाऱ्या आणि रंगांच्या पुराखाली पुनरुत्थान दडवणाऱ्या कांडिन्स्कीलाही लावावा लागेल, काटकोनात विश्वाचा तोल पाहणाऱ्या मोंद्रियानलाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तिचे प्रदर्शन भरले आणि सहा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. हे संग्रहालय १९३९ मध्ये वस्तुनिरपेक्ष चित्रांचे संग्रहालय म्हणून सुरू झाले, तेव्हा त्याच्या संग्रहाचा कणा कांडिन्स्कीची चित्रे हा होता.