योकोझुना : आकड्यामागचा पैलवान

महाराष्ट्र केसरी गटात खेळणाऱ्या पैलवानाचे वजन 86 ते 125 किलोंच्या दरम्यान असावे लागते, आणि ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीतही 125 किलोंच्या पुढे जाता येत नाही. आज आपण ज्याची कहाणी पाहणार आहोत तो पैलवान 1993 च्या जानेवारीत रिंगमध्ये उतरला, तेव्हा त्याचे वजन 505 पौंड, म्हणजे सुमारे 229 किलो पुकारले गेले होते. कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेश तालमीतले दोन भरदार मल्ल एकदम काट्यावर उभे केले, तरी आकडा जेमतेम तिथवर जाईल. या पैलवानाला जग योकोझुना या नावाने ओळखते.

कोल्हापुरात घरोघरी केबल आली त्या काळात पेठापेठांतल्या मुलांच्या हाती मल्लांच्या चित्रांचे पत्ते असत. त्यांवर उंची, वजन, छाती आणि दंडाचे आकडे छापलेले असत, आणि योकोझुनाचे पान हाती आलेला मुलगा हमखास वजनच पुकारायचा. घरातली जुनी पैलवान मंडळी मात्र ही अमेरिकी कुस्ती म्हणजे ठरवून खेळलेली ‘नुरा कुस्ती’ म्हणून टीव्हीसमोरून उठून जात. ज्या गावात चितपट झालेल्याच्या दोन्ही खांद्यांना लागलेली लाल माती हीच निकालाची साक्ष मानतात, त्या गावाने आधी ठरलेल्या निकालाला नाक मुरडावे हे योग्यच होते. पण निकाल ठरलेला असला, तरी पाठ आपटायची ती खरीच आपटते. म्हणूनच या माणसाच्या कसबाकडे खासबागेत कुस्ती पाहून तयार झालेल्या नजरेने पाहायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

जपानी म्हणून मिरवला गेलेला हा मल्ल मुळात जपानी नव्हता. रॉडनी अनोआई हे त्याचे खरे नाव. 2 ऑक्टोबर 1966 रोजी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात एका समोअन कुटुंबात त्याचा जन्म झाला, आणि कुस्ती त्याला घरातच मिळाली. ‘वाइल्ड समोअन्स’ या नावाने गाजलेली अफा आणि सिका ही जोडी त्याच्या मामा-काकांच्या पिढीतली. त्यांच्याच हाताखाली तो तयार झाला. आजचा नामांकित मल्ल रोमन रेन्स हा याच सिकाचा मुलगा. रॉडनीने उमेदवारीची वर्षे ‘कोकिना’ या नावाने जपानमध्ये आणि मेक्सिकोत काढली, आणि 1992 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कुस्ती कंपनीत दाखल झाला.

तिथे त्याला नवे रूप देण्यात आले. सुमो मल्लाचा वेश, हातात जपानी झेंडा घेतलेला मिस्टर फुजी नावाचा व्यवस्थापक, आणि सुमोतल्या सर्वोच्च पदाचे नाव. योगायोग असा की, 24 जानेवारी 1993 रोजी रॉडनीने ‘रॉयल रंबल’ ही अनेक मल्लांची मोठी लढत जिंकली, आणि 27 जानेवारीला हवाईत जन्मलेला अकेबोनो हा जपानबाहेरचा पहिला खराखुरा योकोझुना ठरला. त्याच्या आदल्याच वर्षी समोअन वंशाच्या कोनिशिकीला हे पद नाकारले गेल्यावरून जपानमध्ये मोठे वादळ उठले होते. ज्या पदासाठी एका समोअन मल्लाने आयुष्य खर्ची घातले, ते दुसऱ्या समोअन मल्लाला अमेरिकेत नुसते नाव म्हणून चिकटवले गेले. केसरी किताबाची किंमत जाणणाऱ्या कोल्हापूरकराला हे बोचल्याशिवाय राहणार नाही.

पण नाव दुसऱ्याने दिलेले असले, तरी कसब त्याचे स्वतःचे होते. आता पडद्यावर दिसतो आहे तो त्याचा ठेवणीतला डाव, बन्झाई ड्रॉप. खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला तो ओढत कोपऱ्याजवळ आणतो, पाठमोरा होऊन दुसऱ्या दोरावर चढतो, एक-दोन हेलकावे घेतो आणि थेट त्याच्या छातीवर बसतो. इथे त्याच्या पायांकडे लक्ष द्या. भाराचा मोठा हिस्सा तळपायांवर आणि मांड्यांवर झेलला नाही, तर खालच्या माणसाच्या बरगड्यांचा चुरा व्हायचा. रात्रीमागून रात्री, गावोगावच्या रिंगांत हा डाव खेळायचा आणि समोरच्याला धडधाकट घरी पाठवायचे, याला बैठकांनी कमावलेल्या मांड्या लागतात, आणि अंगावर पूर्ण ताबाही लागतो.

4 एप्रिल 1993 रोजी लास वेगासच्या खुल्या मैदानात त्याने ब्रेट हार्टकडून जागतिक विजेतेपद घेतले, आणि काही क्षणांतच हल्क होगनने ते त्याच्याकडून हिसकावले. 13 जूनला त्याने ते परत मिळवले. त्यानंतर 4 जुलै रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्क बंदरातल्या ‘इंट्रेपिड’ या जुन्या विमानवाहू जहाजावर त्याला उचलून आपटण्याचे जाहीर आव्हान ठेवण्यात आले. मल्ल आणि फुटबॉलपटू एकामागून एक पुढे आले नि हात हलवत परतले. शेवटी हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या लेक्स लुगरने त्याला उचलून आपटले, आणि जयजयकार लुगरच्या वाट्याला गेला. अशा उचलीत वरच्या माणसाचेही अंग काम करत असते. नेमक्या क्षणी भार सरकवणे आणि पाठीवर नीट पडणे ही त्याची जबाबदारी असते. ती योकोझुनाने चोख पार पाडली, पण त्या दिवशी त्याच्यासाठी टाळी वाजली नाही.

20 मार्च 1994 रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रेट हार्टने विजेतेपद परत घेतले. पुढच्या वर्षी ब्रेटचाच भाऊ ओवेन याच्या जोडीने योकोझुनाने दुहेरीचे विजेतेपदही जिंकले.

या सगळ्या काळात पुकारल्या जाणाऱ्या वजनाचा आकडा मात्र चढतच गेला. मेहनत कमी झाली की खुराक आवरा, अशी ताकीद आपल्याकडे वस्ताद देतात, कारण कमावलेले अंग सुटायला वेळ लागत नाही. योकोझुनाला अशी ताकीद वेळेवर देणे कोणाच्याच फायद्याचे नव्हते; त्याची जाहिरातच वजनावर उभी होती. ज्या कंपनीने हा आकडा विकला तिनेच पुढे त्याला वजन उतरवायला पाठवले, तोवर फार उशीर झाला होता. ऑगस्ट 1996 मध्ये स्टीव्ह ऑस्टिनविरुद्ध तो बन्झाई ड्रॉपसाठी चढला आणि कोपऱ्यातला दोरच तुटला. पुढे न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने वैद्यकीय कारणावरून त्याला परवाना दिला नाही, आणि 1998 मध्ये कंपनीशी त्याचा करार संपला.

पोटासाठी तो लहानसहान आयोजकांकडे खेळत राहिला. 23 ऑक्टोबर 2000 रोजी, ब्रिटनच्या दौऱ्यावर असताना, लिव्हरपूलमधल्या हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत आढळला. फुप्फुसांत पाणी साचले होते. त्याचे वजन सुमारे 263 किलो होते आणि वय अवघे 34 वर्षे.

2012 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान दिले, आणि त्या सोहळ्यात त्याचा गौरव त्याच्याच घराण्यातल्या ऊसो बंधूंनी केला. त्यांचे वडील रिकिशी यांनी बन्झाई ड्रॉप हा डाव पुढे अनेक वर्षे चालवला. ज्यांना योकोझुना म्हटले की पत्त्यावरचा आकडाच आठवतो, त्यांनी लास वेगासची ती लढत एकदा पुन्हा पाहावी. ब्रेटसारख्या चपळ मल्लापुढे तो कुठे थांबतो, कुठे झेपावतो, आणि एवढ्या देहानिशी लाथ किती उंच नेतो, ते तिथे स्पष्ट दिसते.