पळून आलेल्यांचे दोन देव

नमस्कार मंडळी! ग्रीक देव म्हटलं की झ्यूस, अपोलो, अथेना हीच नावं आठवतात, पण आज मला ज्या दोघांबद्दल बोलायचंय ते जुळे भाऊ आहेत आणि दोघांना मिळून एकच नाव, पालिकी. ठिकाण सिसिली बेट, एटना ज्वालामुखीच्या दक्षिणेला, आजच्या पालागोनिया गावाजवळ.

गोष्ट अशी सांगतात की थालिया नावाच्या अप्सरेला झ्यूसपासून दिवस गेले, आणि झ्यूसची बायको हेरा हिच्या धास्तीने ती धरणीला म्हणाली, बाई, मला पोटात घे. धरणीने घेतलं. दिवस भरल्यावर जमीन फाटली आणि दोन मुलगे वर आले, अंधारातून परत आले म्हणून पालिकी, असा अर्थ नाटककार एस्किलसने लावलाय.

तिथे खरंच जमिनीतून वायू यायचा, पाणी सारखं उकळल्यासारखं उसळायचं, गंधकाचा वास. त्याच्यासमोर शपथ घ्यायची. खोटी घेतली तर डोळे जातात, ही लोकांची पक्की श्रद्धा, त्यामुळे बेलभंडार उचलताना आपल्याकडे माणूस कचरतो ना, तसंच तिथे व्हायचं आणि मोठमोठे तंटे तिथेच मिटायचे.

पण मला हे देव जवळचे वाटतात ते दुसऱ्याच कारणाने. डायोडोरस हा इतिहासकार सिसिलीचाच, तो लिहितो की क्रूर मालकाकडून पळालेला गुलाम या देवळात शिरला की मालकाला त्याला ओढून नेता यायचं नाही. नीट वागवीन अशा अटी मान्य करायच्या, शपथ घ्यायची, मगच गुलाम परत जाणार, आणि ती शपथ कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही म्हणतो. विचार करा, ज्याचं जगात कुणीच नाही त्याच्या बाजूने उभे राहणारे देव!

इ.स.पू. 104 मध्ये सिसिलीचा रोमन गव्हर्नर नेर्वा याने 800 हून जास्त गुलाम सोडले, मग श्रीमंतांनी दबाव आणला तसं बाकीच्यांना म्हणाला, आपापल्या मालकांकडे परत जा. ते गेले नाहीत, सिसिलीतल्या सिरॅक्यूज शहरातून निघाले ते थेट पालिकींच्या आश्रयाला, आणि बंडाची बोलणी तिथेच झाली. हे बंड रोमने पुढे मोडलं, पण त्याआधी बंडवाल्यांचा पुढारी साल्वियस लढाई जिंकला, तेव्हा त्याने जांभळ्या काठाचा झगा याच दोन भावांना वाहिला.