चोवीसच्या आकड्यामागे

[नाशिक, इंदिरानगर. इमारतीची गच्ची, भर दुपार]

मे महिना. घरात नवा एसी बसतोय. धाकट्याने ॲप आधीच घेऊन ठेवलंय: गंगापूर रोडवरून निघताना बटण दाबायचं, घरी पोहोचेपर्यंत खोली गार. सोय खरंच चांगली आहे. पण फोनचं काम निरोप पोहोचवण्याचं. पुढचं सगळं करायचं ते लोखंडाने, तांब्याने आणि गॅसने.

[आउटडोअर युनिट, झाकण काढलेलं]

हा कॉम्प्रेसर. आत एक रोलर सिलिंडरच्या भिंतीला लागून फिरतो आणि गॅस दाबतो. दोघांमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्राइंडिंगवर ज्यांची हयात गेली, त्यांना हे माप राखणं काय असतं ते वेगळं सांगायला नको.

जुना एसी एकाच वेगाने पळायचा. खोली गार झाली की बंद, तापली की पुन्हा चालू. इन्व्हर्टर एसीत विजेची फ्रिक्वेन्सी बदलते, आणि मोटर मिनिटाला साधारण हजार फेऱ्यांपासून पाच-सहा हजारांपर्यंत हवी तशी फिरते. रात्री ती हळू चालते. गॅस कमी फिरतो, उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी, म्हणजे कॉइल, मात्र तेवढीच मोठी, म्हणून उष्णता सहज बाहेर पडते. बिल कमी येतं ते यामुळे. 2020 पासून आपल्याकडे स्टार लेबलचे एसी सुरू होतानाच 24 अंशांवर असतात. तो आकडा खाली ओढला की मोटरला जास्त पळावं लागतं, म्हणून घाई करू नये.

[क्लोज-अप: तांब्याची नळी]

आता मेकॅनिकचे हे हात बघा. कटरने नळी कापली. आतली धार रीमरने काढली, तीही नळीचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत पडत नाही. नट आधी सरकवला. मग फ्लेअरिंग टूलने नळीचं तोंड कर्ण्यासारखं उमलवलं आणि कडेवरून बोट फिरवलं. इथे बारीकशी चीर राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी म्हणणार, "गॅस संपलाय." गॅस संपत नसतो. बंद नळीतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरून देणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

नंतर व्हॅक्यूम पंप. नळीतली हवा ओढून पंप दाब इतका खाली आणतो की आतला ओलावा या हवेतल्या तापमानालाच उकळतो आणि वाफ होऊन निघून जातो. ओलावा राहिला तर तो तेलाशी मिळून आम्ल तयार करतो, आणि कॉम्प्रेसर आतून खराब होत जातो. सीझनमध्ये घाई असते, म्हणून काही जण पंप न लावता थोडा गॅस सोडूनच हवा काढतात. एसीत भरलेला आर-32 हा गॅस पेट घेऊ शकतो, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट तापमानवाढ करतो. तो असा हवेत सोडू देऊ नका. पंप चालेल तेवढा वेळ चहा पाजा, पण पंप लावायला लावा.

[त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग]

एप्रिलच्या कोरड्या हवेत नाशिकला साधा कूलर पुरतो, आणि पुरत असेल तर तोच वापरावा. जूनमध्ये हवा दमट झाली की पाण्याची वाफ होत नाही, कूलर नुसता घाम आणतो. एसीच्या थंड कॉइलवर मात्र तोच दमटपणा पाणी होऊन ड्रेन पाइपने बाहेर जातो.

[निफाड. द्राक्षबाग, पहाट]

जानेवारीत इथे पारा एक आकडी होतो. हॉट अँड कोल्ड एसीत चार तोंडांचा एक पितळी व्हॉल्व्ह असतो. त्यातली पट्टी सरकली की गॅसची वाट उलटते, आणि यंत्र बाहेरच्या गार हवेतली उष्णता खोलीत आणू लागतं. एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची ऊब. हीटरमध्ये एकाची एकच. अशा थंडीत बाहेरच्या कॉइलवर हिम साचतं, मग व्हॉल्व्ह थोडा वेळ पुन्हा उलटतो आणि खोलीतला पंखा थांबतो. मशीन बिघडलं समजून बंद करू नका. हिम वितळलं की गरम हवा आपोआप सुरू होते.