हळदीचा लाल लेप

(खंडेराव मार्केट, थंडीतली सकाळ)

बडोद्यात थंडी पडली की मार्केटात ओल्या हळदीचे ढीग लागतात. भाजीवाली तिला 'लीली हळदर' म्हणते, दांडिया बाजारातल्या काकू 'ओली हळद'. लोणचं दोघीही घालतात. काकूंनी आज घेतली ती मात्र सुकी, दळलेली, आणि शेजारून कोरफड. त्यांच्या भाच्याच्या गोठ्यातली गाय आजारी आहे.

(गोठा)

कासेचा एक भाग हाताला दगडासारखा लागतो. धार काढली तर दुधात गुठळ्या. म्हणून आपल्याकडे या दुखण्याला 'दगडी' म्हणतात. डॉक्टर कासदाह म्हणतात.

इथून जवळच, आणंदला, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आहे. त्यांनी प्रसार केलेला लेप असा: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. सगळं एकत्र वाटायचं.

(वाटीचं जवळून दृश्य)

बघा, पिवळं होतं ते लाल झालं. "अरे, कुंकू असंच तर करतात!" काकू म्हणतात. अगदी बरोबर. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन चुन्यासारख्या अल्कलीत रंग बदलतं.

हेच कर्क्युमिन प्रयोगशाळेत तपासलं गेलं आहे. उंदराच्या स्तनग्रंथीत ई. कोलाय या जंतूच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड सोडलं की ग्रंथी सुजते. पेशींमधला एनएफ-कप्पा-बी नावाचा खटका दाबला जातो आणि सूज वाढवणारी रसायनं सुटतात. कर्क्युमिन दिलेल्या उंदरांत ती कमी आढळली. चिनी औषधातल्या स्क्युटेलारियाच्या मुळातलं बैकालिन आणि दारुहळदीतलं बर्बेरिन यांच्याही अशाच चाचण्या झाल्या आहेत.

पण ते उंदीर. अंगावर पाजणाऱ्या बाईची छाती लाल होऊन ताप भरला, तर हा चुन्याचा लेप तिथे अजिबात नको; बाळाचं तोंड तिथेच लागतं. तिने पाजणं थांबवू नये आणि डॉक्टरांना दाखवावं. जंतुसंसर्ग असेल तर अँटिबायोटिक लागतं. आणि हळदीचं दूध? हळदीत कर्क्युमिन शेकडा दोन ते पाच, त्यातलंही पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. प्यायला हरकत नाही, भरवसा ठेवू नये.

(पुन्हा गोठा, तिन्हीसांजा)

कास धुऊन, सगळं दूध पिळून काढून, थोडा लेप पाण्यात पातळ करून लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. भाचा वैतागलाय, आणि त्याचं काही चूक नाही. गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय.

पहिली धार काळ्या फरशीवर सोडतात, म्हणजे गुठळी लगेच दिसते.

अजून चार गुठळ्या आहेत. काकू वाटी पुढे करतात.