तरंगिणीवरचे पहारे

तीन डोलकाठ्या, वीस शिडं आणि ५४ मीटर लांबी. ही आयएनएस तरंगिणी. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं हे जहाज ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झालं. आराखडा कॉलिन मडी या ब्रिटिश नौकारचनाकाराचा. ऑस्ट्रेलियातल्या तरुणांना शिडाच्या सफरींवर नेणारं 'यंग एंडेव्हर' हे जहाजही त्यांच्याच हातचं. आणि हो, तारिणी वेगळी! सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा केली ती छोटी नौका तारिणी. तरंगिणीची प्रदक्षिणा २००३-०४ची. भारतीय नौदलाच्या जहाजाने केलेली ती पहिलीच.

आता कोचीहून निघताना तिच्यावर आहेत प्रशिक्षणार्थी अधिकारी. विशीतली मुलं-मुली. क्षेपणास्त्रांच्या जमान्यात यांना शिडं कशाला शिकवायची, हा प्रश्न रास्तच आहे. पण इंजिनाच्या जहाजात वारा काचेबाहेर राहतो. इथे तो जरा फिरला, की सगळ्यांना कामाला लावतो.

कठड्याला ओळीने खोचलेल्या या खुंट्या बघा. प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली. दोर खुंटीला आठच्या आकड्यात गुंडाळायचा, उरलेल्याची वेटोळी करून वर टांगायची. कुठला दोर कुठल्या शिडाचा, हे तोंडपाठ हवं. खरं तर हातपाठ हवं, कारण काळोखात, पावसात, डेक तिरका झालेला असताना तो शोधायचा असतो. चुकीचा दोर सैल सोडला तर वर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. शिडाच्या जहाजाचे फोटो पाहून आपल्याला साहस आठवतं. जहाजावर मात्र पाठांतरच जास्त.

मग डोलकाठीवर चढणं, बाजूच्या तारांच्या आणि आडव्या पायऱ्यांच्या जाळीवरून. चढायचं नेहमी वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा अंगाला जाळीकडे दाबून धरतो. हात उभ्या तारांना, आडव्या पायऱ्यांना नाही. पायरी तुटली तरी हातातलं सुटत नाही. कमरेचा पट्टा अडकवल्याशिवाय पुढचं काम नाही. शीड ज्या आडव्या काठीला बांधलेलं असतं, तिच्याखाली पाय ठेवायला एकच दोर टांगलेला असतो. नवा माणूस त्यावर उतरला, की आधीच्या सगळ्यांचे पाय खालीवर होतात. म्हणून पाय टाकण्याआधी मोठ्याने सांगायचं, आणि तिकडून उत्तर आलं की मगच टाकायचा. मग काठीवर पोट टेकून, ओणवं होऊन, भरलेलं शीड मुठी-मुठीने वर ओढायचं. कापड ओलं असेल तर नखं दुखतात.

खाली परत आलं की विश्रांती? नावालाच. तीन गट, चार तास पहारा, आठ तास मोकळे. त्या आठात वर्ग, साफसफाई, जेवण आणि उरली तर झोप. संध्याकाळी चार ते आठच्या पहाऱ्याचे मात्र दोन तुकडे करतात. त्यामुळे दिवसाचे सहाऐवजी सात पहारे होतात आणि मध्यरात्र ते चारची शिक्षा रोज एकाच गटाच्या वाट्याला येत नाही. कोण्या जुन्या दर्यावर्द्याने काढलेली ही युक्ती, आपल्या ऑफिसांनाही चालावी.

बोट लागलेल्याला बंकमध्ये लोळत ठेवत नाहीत. वर मोकळ्या हवेत आणतात, नजर क्षितिजावर लावायला सांगतात, जमलं तर सुकाणू हातात देतात. पोटात काहीतरी कोरडं जायलाच हवं. जेवणाची ताटं सरकू नयेत म्हणून खाली ओला कपडा. तरी डाळ पातळ असली की ती आपल्या मर्जीने वाहते.

भर दुपारी सूर्य सर्वांत उंच आला की सेक्स्टंट, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन मोजायची यंत्रं, बाहेर निघतात. सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायचा. जीपीएस जहाजावर आहे, पण ते बघायचं गणित झाल्यावर. नवशिक्यांच्या आकडेमोडीत जहाज कधीकधी जमिनीवरही चढतं.

जगात अशा जहाजांची मोठी बिरादरी आहे. १९५६ साली इंग्लंडच्या टॉरबेहून लिस्बनपर्यंत त्यांची पहिली शर्यत झाली. आजही या शर्यतींत किमान निम्मे खलाशी १५ ते २५ वयाचे लागतात. २०१८ मध्ये तरंगिणी 'लोकायन' मोहिमेवर युरोपात गेली, तेव्हा इंग्लंडच्या संडरलँड बंदरात या बिरादरीला भेटली.

सफर संपत आली. बंदर जवळ आलंय, इंजिन सुरू झालंय, आणि शिडं गुंडाळायला मुलं पुन्हा वर निघालीत. पट्टे अडकवलेत का, हे आता एकमेकांचं तेच बघतात. खाली उभ्या असलेल्या पेटी ऑफिसरचं, म्हणजे खलाशांतल्या मुरलेल्या वरिष्ठाचं, समाधान काही होत नाही. डोळ्यांवर हात धरून तो वर ओरडतोय: "डावीकडची घडी वाकडी आहे. सोडा, परत करा!"