सुट्टीच्या दिवशी कामावर: परळच्या एका हौशी बेंजो पथकाविषयी

[दृश्य: परळमधील जुन्या चाळीचा लाकडी जिना. दोघे जण ढोल उतरवत आहेत.]

तिसऱ्या मजल्यावरून ढोल खाली आणायचा असेल, तर पुढच्या माणसाने उलटे उतरायचे असते आणि मागच्याने पायऱ्या मोठ्याने मोजायच्या असतात, कारण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक पायरी इतरांपेक्षा दोन बोटे उंच आहे. पथकात नवा मुलगा आला की पहिले काही महिने त्याच्या हाती टिपरू येत नाही. आधी त्याला हा जिना पाठ करावा लागतो. खाली टेम्पो उभा असतो आणि टेम्पोवाला घड्याळाकडे पाहत असतो.

हे चौदा जणांचे बेंजो पथक आहे. त्यांतील एक जण कुरिअरची पाकिटे पोहोचवतो, एक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे, दोघे बँकेत आहेत, एकाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, एक बस चालवतो आणि सर्वांत धाकटा अजून महाविद्यालयात आहे. कोणाचेही घर वाजवण्यावर चालत नाही, म्हणून ते स्वतःला हौशी म्हणवतात. मात्र ते सुपारी घेतात, पैसे घेतात आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी हजर राहण्याचा शब्दही देतात. हौस आणि शब्द यांच्यामधल्या या चिंचोळ्या जागेत काय काय घडते, ते आपण या चित्रफितीत पाहणार आहोत. प्रस्तुत निवेदकाने अशाच एका पथकात अकरा वर्षे ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवला असल्यामुळे या निवेदनात अलिप्तपणाची अपेक्षा न ठेवलेली बरी.

[दृश्य: बेंजोच्या कळा आणि तारा, जवळून.]

ज्याला आपण बेंजो म्हणतो, त्याचा पाश्चात्त्य बॅंजोशी नावापुरताच संबंध आहे. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारख्या कळा, डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हातातील नखीने तार छेडायची, अशी या वाद्याची रचना आहे. त्याचा पूर्वज असलेले ताइशोगोतो हे वाद्य १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी बनवले. भारतात ते बुलबुल तरंग झाले आणि पुढे त्याला पिकअप (तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवून, ध्वनिवर्धकाला जोडून, गिरगाव-लालबागच्या मिरवणुकीत आणि आगरी-कोळी हळदीत त्याने असे काही बस्तान बसवले की ते परदेशी आहे, असे आज कोणाच्या मनातही येत नाही. शेजारी ठेवलेला ऑक्टोपॅडही जपानचाच आहे. रोलँड कंपनीने हे आठ खणांचे वाद्य १९८५ मध्ये बाजारात आणले. कोळीगीताची धून नागोयाच्या वाद्यावर वाजते आणि तिच्या ठेक्याला ओसाकात स्थापन झालेल्या कंपनीचे यंत्र साथ करते, या गोष्टीची गंमत आम्हाला फार उशिरा कळली.

वाद्य शिकणे हा या उद्योगातील सोपा भाग आहे. अवघड आहे ती तारखांची जुळणी. गणपतीचे आगमन, दीड दिवसाचे, पाच दिवसांचे आणि गौरींबरोबरचे विसर्जन, अनंत चतुर्दशी, नवरात्र आणि पुढे लग्नसराईतील हळदी, असे पथकाचे वर्ष असते. ज्या दिवशी सगळे जग सुट्टीवर असते, त्याच दिवशी पथक कामावर असते, आणि जे दिवस कार्यालयाच्या दृष्टीने साधे कामाचे असतात, त्यांपैकी अनेक दिवशी पथकाला रजा हवी असते. भाद्रपदात सलग चार दिवस आजारी पडणाऱ्या कर्मचाऱ्याचा आजार कोणता, हे परळमधील कोणत्याही वरिष्ठाला सांगावे लागत नाही. ज्यांचे वरिष्ठ स्वतःच एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते आहेत, त्यांचे निभावते. बाकीच्यांना मे महिन्यातच ठरवावे लागते की यंदाची रजा गावासाठी वापरायची की पथकासाठी.

हा ‘गाव’ शब्द इथे जड आहे. पथकातील बहुतेकांची मुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत आणि कोकणी माणसाच्या घरी गणपती म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पत्नी, मुले, आईवडील गाडीने गावी जातात. वादक दादरच्या फलाटावर त्यांना सोडून माघारी येतो. बेंजोवादक कॅमेऱ्यासमोर एवढेच म्हणाला, “आमच्या घरी गणपती आणतात, त्याला नऊ वर्षे मी आरतीला नाही. दुसऱ्यांच्या गणपतीपुढे मात्र माझा हात थांबत नाही.” हे सांगताना तो हसत होता, मागे उभी असलेली त्याची पत्नी हसत नव्हती.

[दृश्य: वहीतील हिशेबाचे पान.]

आता पैशांविषयी बोलू, कारण हौशी पथकात पैशांविषयी बोलणे अप्रशस्त समजले जाते आणि माझ्या माहितीतील पथके फुटली ती बहुतेक पैशांवरूनच. समजा, एका हळदीची सुपारी २०,००० रुपयांना ठरली. टेम्पोचे ३,५०० आणि जनरेटरचे ३,००० रुपये गेले. चहा-नाश्त्याला १,४०० लागले आणि वाद्यांच्या दुरुस्तीसाठी २,००० रुपये पेटीत टाकले. नेहमीच्या कीबोर्डवादकाला रात्रपाळी लागल्यामुळे बाहेरून आणलेल्या वादकाने २,५०० रुपये घेतले, आणि तेही वाजवण्यापूर्वी. उरले ७,६००. ते तेरा जणांत वाटले की प्रत्येकाच्या हाती जेमतेम ५८४ रुपये येतात. ज्याला तालमीला एकदाही यावे लागले नाही, त्याला अडीच हजार आणि जो गेली दहा वर्षे ढोल वाहतो आहे, त्याला पाचशे चौऱ्याऐंशी, हा हिशेब वहीत बरोबर असतो. मनात मात्र तो कधीच बसत नाही. बाहेरच्या वादकाचा यात काही दोष नाही. तो व्यावसायिक आहे आणि आपल्या एका रात्रीची किंमत त्याला ठाऊक आहे. ती किंमत स्वतःला लावायची नाही, असे या तेरा जणांनी केव्हातरी ठरवले, आणि आपण तसे ठरवले आहे, हे ते विसरून गेले.

त्यात यजमानाकडून येणाऱ्या रकमेचे तीन तुकडे असतात. इसार मिळतो, निघताना अर्धी रक्कम मिळते आणि उरलेली “सकाळी पाठवतो” या आश्वासनावर राहते. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय झाल्यापासून हा तिसरा तुकडा लवकर मिळेल, असे वाटले होते. प्रत्यक्षात नवरदेवाचा मामा फोन उचलत नाही, एवढीच प्रगती झाली.

ओवाळून टाकलेल्या नोटांचा प्रश्न याहून नाजूक आहे. हळदीत रंग चढला की घरची मंडळी नवरदेवाच्या डोक्यावरून दहा-वीसच्या नोटा ओवाळतात आणि वादकाच्या अंगावर सोडतात. त्या वाकून उचलायच्या का? पथकात यावर एकदा भांडण होऊन दोघे जण कायमचे निघून गेले. त्यानंतर नियम झाला की वाद्य हातात असलेल्या माणसाने जमिनीकडे पाहायचे नाही. नोटा दोरी धरणारा मुलगा गोळा करील आणि त्या पेटीत जातील. नियम दिसायला हिशेबाचा आहे. आपण वाकायचे नाही, हे बोलून दाखवण्याची ही त्यांची पद्धत आहे.

[दृश्य: चाळीचे आवार, मागे उंच इमारत.]

तालमीची जागा हा शब्दप्रयोग आता जवळपास भूतकाळात करावा लागतो. चाळीच्या मधल्या चौकात पूर्वी रात्री नऊनंतर ताशा चाले आणि चाळ त्यावरच झोपत असे. शेजारची चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि तेच जुने शेजारी बाविसाव्या मजल्यावरून तक्रार करू लागले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. बारा बाय दहाच्या खोलीत राहताना जो आवाज आपलाच असतो, तो वर गेल्यावर खालून येतो. आता तालीम एका मंदिराच्या सभागृहात आठवड्यातून एकदा, दीड तास होते. ऑक्टोपॅडला हेडफोन लागतो आणि पिकअपशिवाय बेंजो कुजबुजल्यासारखा वाजतो. ढोलाला तशी सोय नाही. त्यामुळे ढोलवादक सतरंजीची जाड घडी घालून तिच्यावर टिपरू चालवतात आणि ताशावाला काड्या मांडीवर आपटत तोंडाने बोल म्हणतो. दुरून पाहणाऱ्याला हे गादी झोडपण्याचे काम वाटेल. परंतु लय पक्की झाली की सतरंजीचा आवाजही एकसंध येऊ लागतो, हे या खोलीत बसून ऐकण्यासारखे आहे.

कायद्याची चौकट सर्वांना तोंडपाठ आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वा ढोल-ताशासारखी वाद्ये वाजवता येत नाहीत; सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे साधे बोलणेही साधारण साठाच्या घरात जाते, हे लक्षात घेतल्यास ताशाची पहिली काडी पडताच मर्यादा ओलांडली जाते, हे उघड आहे. वादकांची खरी अडचण मर्यादेपेक्षा यजमानाची आहे. दहाला पाच मिनिटे असताना पथक आवरते घेऊ लागले की “पैसे मोजलेत ना?” असा प्रश्न येतो, आणि दहा वाजून वीस मिनिटांनी पोलीस आले की यजमान पाहुण्यांना जेवायला बसवण्यासाठी आत जातो आणि नाव-पत्ता वादकांना विचारला जातो. या पथकाने आता सुपारी घेतानाच दहाची वेळ कागदावर लिहून सही घ्यायला सुरुवात केली आहे. त्यामुळे दोन सुपाऱ्या हातच्या गेल्या.

आवाजाचा दुसरा बळी वादक स्वतः असतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहता येते आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणूक सहा-सहा तास चालते. कानात कापूस घालण्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि नीट बसणारे बोळे घातले तर ताशाचा इशारा ऐकू येत नाही, अशी तक्रार असते. प्रस्तुत निवेदकाच्या उजव्या कानात रात्री शांत झाल्यावर एक बारीक शिट्टी वाजत असते. ती दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही.

[दृश्य: मांडवामागची जागा, वादक बसून जेवत आहेत.]

वाजवणाऱ्याला समाज कुठे बसवतो, हे पाहायचे असेल तर पंगतीकडे पाहावे. सनई, ताशा, हलगी ही वाद्ये गावगाड्यात ठरावीक जातींच्या वाट्याला आली होती. कोकणात घडशी आणि गुरव, देशावर हलगीसाठी मातंग समाज. मान मिरवणुकीपुरता आणि जेवण मात्र मांडवाबाहेर, हा व्यवहार जातीच्या नावाने आता कोणी उघडपणे करत नाही. पण वाजंत्र्यांची पाने शेवटी आणि मागच्या बाजूला वाढायची, ही सवय जात विचारल्याशिवायही टिकून आहे. पथकातील बँक कर्मचारी सांगतो की लग्नासाठी स्थळे पाहताना मुलीकडच्यांना त्याची नोकरी सांगितली जाई आणि आई हळूच विषय बदले. “वाजवतो” हे क्रियापद त्या खोलीत उच्चारले जात नसे. ज्या मुलीने होकार दिला, तिने त्याला आधीच एका मिरवणुकीत वाजवताना पाहिले होते. परंतु हे तिच्या घरी आजतागायत कोणाला माहीत नाही.

मुलींविषयीही सांगायला हवे. ढोल-ताशा पथकांत आज मोठ्या संख्येने मुली दिसतात. बेंजो पथकांत त्या क्वचित दिसतात आणि त्याचे कारण वाद्यात नाही. या पथकात दोन वर्षे एक कीबोर्डवादक मुलगी होती. तिच्या हाताविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृह कुठे आहे ते यजमानालाही सांगता येत नाही, नाचणारे दारू प्यायलेले, आणि शेवटची लोकल चुकली की पहाटे चारच्या सुमारास पहिली गाडी सुटेपर्यंत फलाटावर बसायचे. तेरा पुरुषांना ही गैरसोय गमतीचा भाग वाटते. तिला ती तशी वाटली नाही. तिने पथक सोडले तेव्हा कारण अभ्यासाचे सांगितले आणि सर्वांनी ते तत्परतेने मान्य केले. त्यानंतरही सुपारी ठरवताना स्वच्छतागृहाची चौकशी करण्याची पद्धत पडलेली नाही.

[दृश्य: पितृपक्षातील संध्याकाळ. मंदिराचे सभागृह.]

अनंत चतुर्दशी संपली की पितृपक्ष लागतो आणि पंधरा दिवस कोणी मंगलकार्य काढत नाही. पथकाच्या दुरुस्तीचा काळ तो हाच. ढोलांच्या तोंडांवर ताणलेली पाने उतरवली जातात, ऑक्टोपॅडच्या खणांतून गुलाल ब्रशने काढला जातो आणि बेंजोच्या गंजलेल्या तारा बदलल्या जातात. नवी तार पहिल्या दिवशी सुरात राहत नाही. ताणायची, वाजवायची, पुन्हा ताणायची, असे चालते.

यंदा या कामाच्या जोडीला एक वाद आहे. ताशावादकाचे लग्न ठरले आहे आणि त्याच्या हळदीला अर्थातच आपलेच पथक वाजवणार. बिदागी घ्यायची नाही, यावर एकमत आहे. नवरदेवाने स्वतःच्या हळदीत ताशा वाजवायचा नाही, यावरही आहे, जरी तो वाजवणार हे सगळे जाणून आहेत. टेम्पोचे साडेतीन हजार मात्र त्याच्याकडून घ्यायचे की पेटीतून द्यायचे, यावर तास उलटून गेला तरी चर्चा चालू आहे, आणि नवरदेव कोपऱ्यात बसून कोणाकडेही न पाहता ताशाची दोरी आवळतो आहे.